मोहन्याजवळचा कुत्रा

रविवार, संध्याकाळ

आज कळव्याच्या वाचनगटात इतरांचं वाटोळं करून शेवटी पस्तावणाऱ्या एका चैनी, देखण्या माणसाच्या कादंबरीवर चर्चा झाली. सगळ्यांना तो नालायक वाटला. माझा नवरा मात्र म्हणाला, "मजा केली तर केली. मनाला लावून घेतलं, तिथे चुकला." सगळे हसले. मला नाही हसता आलं.

गेल्या वर्षी मोहने गावाजवळ आमच्या गाडीला काहीतरी जोरात धडकलं. मी मागे झोपलेले, नवरा चालवत होता. "कुत्रा होता," म्हणाला आणि थांबला नाही. मी मानलं. खरंच मानलं? कुत्र्यासाठी तरी माणूस थांबतो.

आज परतताना विचारलंच, "अरे, तो कुत्राच होता ना?"

आरशात बघत त्याने केस सारखे केले. "आता काय करायचंय तुला?"

नुसतं 'हो' म्हणाला असता, तरी मी पुन्हा मानलं असतं.