तिसऱ्या ओळीशी

१० जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

शाळेच्या बाकांवरचा तो ठेका परवा पुन्हा कानात घुमला. थोरले-धाकटे सगळे एकाच खोलीत; पैज लागली की अख्खा वर्ग मुठी आपटायचा आणि तू एका श्वासात सगळी कविता म्हणून मोकळा व्हायचास. कवितेवर जीव माझा, दम मात्र तुझा! मी तिसऱ्या ओळीलाच हरायचो. का, ते आता कळलं.

माझ्या एम्फिसीमाचं, या फुप्फुसांच्या झिजेचं, मूळ सापडलंय. यकृतात एक प्रथिन तयार होतं, अल्फा-१ अँटीट्रिप्सिन. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला जे जहाल द्रव्य सोडतात, ते फुप्फुसाच्या भिंतीही खातं. हे प्रथिन त्याला आवरतं. माझ्याकडे ते जन्मापासून नाममात्र. माझ्याच राखणदारांनी माझं घर पोखरलं. मी खडूशिवाय काही बोटांत धरलं नाही. तू चाळीस वर्षं सिगारेटी ओढल्यास आणि माझे तीन जिने शीळ घालत चढतोस! हेवा वाटतो, लपवत नाही. भावंडांनीही रक्त तपासावं म्हणतात. तुझंही उणं निघावं, असं क्षणभर मनात आलं. रागाव हवं तर.

लोभ आटू देऊ नकोस.
दादा

२ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

माझं प्रथिन भरपूर निघालं. घे, जळायला आणखी एक कारण! पण शाळेचं खापर त्याच्यावर फोडू नकोस. तुझ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या वयात फुप्फुसं धडधाकट असतात. तू हरायचास, कारण तिसऱ्या ओळीशी डोळे मिटून थांबायचास. तू थांबलास की मास्तर डोळे टिपायचे. माझी अख्खी कविता झाली की मला नुसतं खाली बसवायचे. तुझ्या त्या थांबण्याचा हेवा मी आजवर पोसलाय.

बाईंनी हेही सांगितलं, की दात्यांच्या रक्तातून काढलेलं तेच प्रथिन तुला दर गुरुवारी शिरेतून द्यायचं ठरलंय आणि तू दोनदा दांडी मारलीस. मास्तर असून? गुरुवारी मीच येतो.

पाया पडतो, टपली मारू नकोस.
भिंगरी

६ फेब्रुवारी, मंगळवार

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

येऊ नकोस. औषधाने गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकतं, एवढंच. ते मी परक्यांकडून घेईनही. पण मी थेंब मोजत पडायचं आणि तू शेजारी बसून फुकटचा श्वास घ्यायचास, हे नाही जमायचं.

थांब, बेल वाजली.

दारात नर्सबाई, हातात औषधाची पेटी. गुरुवार तर दोन दिवसांवर आहे! म्हणतात, धाकट्या भावांनीच आज घरी आणलं आणि ते खाली पायरीवर बसलेत. दादाने बोलावल्याशिवाय वर पाऊल टाकणार नाहीत.

तीन जिने खाली हाक पोचवण्याइतका दम माझ्यात नाही. म्हणून हे पत्र नर्सबाईंच्याच हाती खाली धाडतोय.

वर ये. जरा सावकाश चढलास तर बरं.

दादा