सत्यशीलाच्या मापाचे बूट

मस्कत, ९ डिसेंबर १९८५

प्रिय रंगनाथ, सप्रेम जयभीम.

सत्यशीलाचं नाव तू शाळेच्या शर्यतीतून काढलंस, म्हणून लिहिणं भाग पडलं. "आत्या तिकडं पळायलीय, आता पोरगीबी? लोक हसायलेत," हे तुझं म्हणणं वाचलं.

होय, दर शुक्रवारी मी इथल्या धावण्याच्या क्लबात जाते. पहिल्या दिवशी त्यांनी नाव विचारलं, आडनाव कुणीच विचारलं नाही. अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत आपली वस्ती पेटली तेव्हा आपण पळालो होतो. त्यानंतर पाठीमागे कुणी लागलेलं नसताना मी पहिल्यांदा इथेच पळाले. लेकीला तेवढं मिळू दे.

आईचा खोकला कसा आहे?

माझ्या सोबतच्या नर्स कुसुमबाई परभणीला येत आहेत. त्यांच्या हाती दिले: पळायचे बूट, एक जोड, सत्यशीलाने कागदावर रेखून पाठवलेल्या पावलाच्या मापाचे.

तुझी अक्का