घरबुडवी

बाबा, तुमचा फोटो भिजला. चंदनाच्या हारासकट. फ्रेमच्या मागून पाणी शिरलं, आणि आता कपाळापासून नाकापर्यंत तुम्ही आहात, खाली नुसता पांढरा डाग. म्हणजे तोंडच गेलं. मला हसू आलं, आणि ते आवरावंसंही वाटलं नाही.

आई आणि मी दहा दिवस पुण्याला गेलो होतो, मावसबहिणीच्या लग्नाला. आईला एकटीला प्रवास नको वाटतो, म्हणून मी मुद्दाम बेटावरून आले. तुम्हाला माहीत नसणार, मी सध्या थायलंडमधल्या एका बेटावर डायव्हिंगच्या दुकानात टाक्यांमध्ये हवा भरते. त्याआधी व्हिएतनाममध्ये होते, एका हॉस्टेलात, तिथे एक तीन पायांचा कुत्रा होता... जाऊ दे. पॉलिटेक्निक अर्धवट सोडलं तेवढं तुम्ही बघूनच गेलात. पुण्याहून परतल्यावर इथल्या विमानतळावरून घरी येताना टॅक्सीवाले अंकल म्हणाले, "यस्टर्डे मॉर्निंग बिग विंड लह, ट्री ऑल्सो फॉल डाऊन." कॉरिडॉरमध्ये शेजारची चिनी आंटी वाटच बघत होती. "अय्यो, युवर हाऊस स्विमिंग पूल ऑलरेडी!" दार उघडलं. हॉलची खिडकी सताड उघडी, पडदा बाहेर लोंबतोय, सोफा पाणी पिऊन बसलेला, देव्हाऱ्यातले देव आडवे. जमीन तेवढी वाचली, कारण गेल्या वेळेनंतर तुम्ही टाइल्स बसवून घेतल्या होत्या.

गेल्या वेळी मी दहा वर्षांची आहे. आपण लंकावीची सहल करून परत आलोय आणि याच हॉलमधली लाकडी पट्ट्यांची जमीन फुगून वर आलीय, उन्हात घातलेल्या पापडांसारखी. तुमचे स्पीकर पाण्यात. "खिडकी कोणी उघडी ठेवली?" तुम्ही विचारताय. "निघताना शेवटी घरात कोण गेलं होतं?" मी गेले होते, पाण्याची बाटली आणायला. पण मी पाहिलेलं असतं. निघताना तुम्ही देवाला उदबत्ती लावली, धूर झाला म्हणून खिडकी उघडलीत, तेवढ्यात खालून टॅक्सीचा हॉर्न वाजला. मी तसं सांगितलं. "बाबा, तुम्हीच उघडली होती." कानाखाली बसली ती अजून ऐकू येते. "उलट उत्तर देते! घरबुडवी कुठली!" आईलाही माहीत होतं. तिने खाली बघत फडकं पिळलं आणि म्हणाली, "जा गं, बादली आण."

एवढ्यावर भागलं असतं तर मी विसरलेही असते. पण तुम्हाला तो शब्द आवडला. गणपतीला लोक आले की मी मोदकांचं ताट फिरवतेय आणि तुम्ही सांगताय, "ही आमची घरबुडवी. अक्षरशः बुडवलं हो घर!" सगळे हसतात. शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, पुंगोलहून येणाऱ्या त्या काकू तर डोळे पुसेपर्यंत हसायच्या. मग गणितात नापास झाले, घरबुडवी. केस कापले, घरबुडवी. बाहेर पडताना दाराशी उभं राहून मोठ्याने म्हणायचं, हॉल बंद, किचन बंद, बेडरूम बंद. सोळाव्या वर्षापर्यंत म्हटलं मी ते. आंटीची मुलं जिन्यात माझी नक्कल करायची. तुम्ही बघायचात. एकदा तरी म्हणायचं होतंत, मी उघडली होती. बस, तेवढंच. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात तुम्ही डोळे उघडून मला विचारलंत, "घरच्या खिडक्या लावल्यास?" मी म्हटलं, लावल्या. आणि थांबले. वाटलं, आता म्हणतील. तुम्ही टीव्हीकडे मान वळवलीत.

आणि आता हे. आई घोटाभर पाण्यात उभी, साडी वर धरून. "अगं, ही उघडी कशी राहिली?" माझ्या तोंडून इतकं पटकन निघालं की मलाच कळलं नाही. "तूच उघडली असशील. खिडकीतल्या तुळशीला पाणी घालायला." तिने जरा आठवून पाहिलं. "असेल बाई. हल्ली माझ्या काही लक्षात राहत नाही." भांडलीसुद्धा नाही. भांडायला हवं होतं.

पुण्याला निघायच्या सकाळी आई आंघोळीला गेली तेव्हा मी त्या खिडकीत सिगारेट ओढली. हो, ओढते. धूर जावा म्हणून पूर्ण उघडली आणि तशीच ठेवली. शब्द तुमचाच होता, बरोबर माझ्यापर्यंत पोचला, खूश व्हा.

गेले चार दिवस आई लिफ्टपर्यंत जाते आणि परत येते. दारावर तिने चिठ्ठी लावलीय, "खिडकी बघ." काल मावशीला फोनवर हळू आवाजात सांगत होती, "विसरायला लागलेय गं मी, कोणाला बोलू नकोस." गुरुवारी पॉलिक्लिनिकमध्ये डोकं तपासून घ्यायला जायचंय. तिला घेऊन मीच जाणार आहे.

मराठी लिहायला तुम्ही शिकवलंत, दर रविवारी शुद्धलेखन, चुकलं की पट्टी. त्याचा उपयोग असा झाला की हा कागद या घरात एकच माणूस वाचू शकतं, आणि ते किचनमध्ये कोथिंबीर निवडतंय. तुमची फ्रेम खोलून वाळत टाकलीय. मागच्या पुठ्ठ्यात हे मावेल. पण फोटो परत बसवणार आईच.

आत्ता तिने तिथूनच विचारलं, "एवढं कोणाला लिहितेयस गं?"

"कोणाला नाही," म्हटलं मी.

आत्ताची खिडकी मी उघडली, बाबा. तेव्हाची तुम्ही.