‘ओळख पाहू’चं पातेलं

प्रिय ठमे,

पोचले. गाडीत बसायला जागा मिळाली, गुडघे ठीक आहेत. आता कामाचं.

तुझ्याकडे आठ दिवस राहिले, त्यातले पहिले दोन दिवस तुझं कौतुकच वाटलं. फ्रिजमधला एक कप्पा ‘आधी हे संपवा’ म्हणून वेगळा, प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी, कोबीचा दांडासुद्धा किसून भाजीत. अन्न वाया जात नाही आणि पैसेही वाचतात, असं तू मला समजावलंस; गृहविज्ञान घेऊन पदवी मिळवलेल्या आईला. मी ऐकून घेतलं.

तिसऱ्या दिवशी खाली न्यायला म्हणून कचऱ्याचा डबा उचलला, तर हलका. नासाडी कितीही थांबवली तरी साली आणि बिया उरतातच. तुझ्या डब्यात केळ्याची एक साल नव्हती, कारण घरात फळच आलं नव्हतं. मग माझी नजर फिरायला लागली. तुझे बाबा मला फौजदारीण म्हणायचे ते उगाच नाही. बाजारात तू दुकानं बंद व्हायच्या वेळी जातेस. गर्दी कमी असते, म्हणे. असते. आणि मऊ पडलेले टोमॅटोही त्याच वेळी निम्म्या भावात देतात. जावई रोज इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर निघतात, पण आठवडाभरात त्यांनी ऑफिसातल्या एकाही माणसाला नावं ठेवली नाहीत. मला हे लक्षण काही बरं वाटलं नाही. शेवटी नातीला विचारलं, तुझी आई जेवते कधी गं? ती म्हणाली, आईचं पोट चव घेता घेताच भरतं.

शुक्रवारी तू सगळं उरलंसुरलं एका पातेल्यात घातलंस, वर झाकण ठेवलंस, लेकीचे डोळे बांधलेस आणि विचारलंस, ओळख पाहू, यात काय काय आहे? पोरगी हसून हसून लोळली. मला म्हणालीस, आठवतं का आई, तुझाच खेळ. आठवतो. पण आठ दिवसांत तो तुझ्याकडे चार वेळा झाला.

उरलेलं संपवायचा खेळ आठवड्यातून एकदा होतो, ठमे. चार वेळा होतो तेव्हा घरात असेल तेवढंच पातेल्यात असतं. हे मला ठाऊक, कारण नासाडी टाळायला मी तो काढलाच नव्हता. तू सात वर्षांची असताना बाबांचा कारखाना बंद पडला आणि अकरा महिने घरात पगार आला नाही. तुला कळू नये म्हणून मी पातेल्यावर झाकण ठेवलं. चव घेता घेता पोट भरतं, हे वाक्यही माझंच. माझ्या आईलासुद्धा काही सांगितलं नाही, आणि एकदा बसस्टॉपवर चक्कर येऊन पडले तेव्हा उन्हाचं निमित्त केलं. मोठी शहाणी. आता काय झालंय आणि कधीपासून, ते एका ओळीत कळव. जावयांना सांगून कळव, चोरून नको. उपदेश करणार नाही. रविवारी परत येते आहे, पिशवीत फळं असतील, आणि तू माझ्यासमोर ताट वाढून घेऊन बसायचं. तेव्हा तुझ्यापासून लपवलं, कारण तू सात वर्षांची होतीस. मी अडुसष्ट वर्षांची आहे.

तुझीच,
फौजदारीण आई