हे लिहू नको

॥ श्री ॥

घोटी
रविवार, १० ऑगस्ट २०२५

श्रीमती वत्सलाबाई, विहीणबाई यांना कुसाबाईचा स. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला लिहिता येत नाही, तेव्हा हा मधला मार्ग. मजकूर माझा, अक्षर तुमच्या सुनेचं. बाळंतिणीने सव्वा महिना डोळ्यांना ताण देऊ नये म्हणतात. मोबाइल तर मी तिच्याकडून काढूनच घेतला आहे, पण एका पत्राने काही होत नाही. जावईबापू दर रविवारी येतात, त्यांच्याच हाती देते.

रुद्र आज चोवीस दिवसांचा झाला. आशाताई अंजली गुरुवारी वजन करून गेली, तीन किलो तीनशे भरलं. नाक तुमच्याकडचं आहे, रडणं आमच्याकडचं. बारशाला तुम्ही आणलेली कुंची त्याच्या डोळ्यांवर येते. पुढच्या वर्षीचं माप घेऊन शिवलीत की काय, असं आम्ही म्हणतो.

निकिताची काळजी करू नये. अळिवाची खीर, डिंकाचा लाडू, जे ताटात वाढू ते खाते. शेक दिला की घेते, न्हाऊ घातलं की न्हाते. कशाला नाही म्हणत नाही. शेजारची चिमणाबाई म्हणते, इतकी गुणी बाळंतीण पाहिली नाही. तिची सून रोज लाडवावरून भांडायची. आमच्याकडे भांडण नाही, रडणं नाही, हट्ट नाही.

भाताची आवणी उरकली. पाऊस बरा आहे. चुकलंमाकलं पोटात घाला आणि माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची विहीण,
कुसाबाई


॥ श्री ॥

सिडको, नाशिक
१७ ऑगस्ट २०२५

सौ. कुसाबाई यांना वत्सलाबाईचा स. न. वि. वि.

पत्र मिळालं, दोनदा वाचलं. कुंची मुद्दाम मोठी शिवली. आमच्या घरातली डोकी मोठी असतात. महेशच्या वेळी मलाही माहीत नव्हतं आणि पाच कुंच्या वाया गेल्या.

पस्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, त्यामुळे पत्र हाती आलं की आधी अक्षर बघायची खोड आहे. निकिताचं अक्षर सुरेख आहे. एक मात्र नवल वाटलं. ही मुलगी इथे असताना किराण्याच्या यादीतसुद्धा शेरे मारायची. तूरडाळीपुढे कंसात लिहायची, किडे नसलेली आणावी, सासूबाईंना दिसत नाहीत, मला दिसतात. आणि अख्ख्या पत्रात तिने स्वतःचा एक शब्द घुसडला नाही. बाळंतपणाने माणूस गंभीर होतं, असं धरून चालते.

गणपतीचं विसर्जन झालं की दुसऱ्याच दिवशी, ७ सप्टेंबरला रविवार येतो. महेश गाडी घेऊन येईल. तोवर बाळाला दीड महिना होऊन जाईल, तेव्हा पाठवायला हरकत नसावी. पाळणा रंगवून ठेवला आहे. रंग महेशने निवडला, म्हणून वाईट आहे.

हे पत्र निकिताच तुम्हाला वाचून दाखवत असेल. तेव्हा तिला वेगळा आशीर्वाद लिहीत नाही, वाचता वाचता तिने घ्यावा.

आहे तसाच जिव्हाळा पुढेही ठेवावा.

आपली,
वत्सलाबाई


घोटी
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

श्रीमती विहीणबाईंना कुसाबाईचा नमस्कार.

जावईबापू गाडी घेऊन आले आणि मी त्यांना तसंच माघारी धाडते, राग मानू नका. उद्यापासून पितरांचे दिवस लागत्यात. पितरात लेकरू नव्या घरी न्यायचं नाय. मग घट बसतील. घटात बाळंतिणीला हलवत नाय. मग दसरा येईल, तवा मुहूर्त बघून कळवते. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला हे पटायचं नाय, पण आमच्यात हाय तसं.

निकिता बरी हाय. लिही, बरी हाय. जेवती, लेकराला पाजती. लेकरू झोपलं तरी हिचा डोळा लागत नाय, आढ्याकडं बघत पडती, पण ते लिहू नको. पाजताना त्याच्याकडं बघत नाय, भितीकडं बघती. ते पण लिहू नको. जावईबापू आले की केस विंचरून बसती, विचारलं की ठीक हाय म्हणती, त्यांना वाटतं पोर शांत झाली. त्यांना वाटू दे.

परवा तिन्हीसांजंला मला म्हणाली, आई, मी नसले तरी तू सांभाळशील ना याला. मी म्हटलं असं अभद्र बोलू नाय. मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. मग परत बोलली नाय. हे तर अजिबात लिहू नको, विहीणबाई म्हणतील येडी पोर गळ्यात बांधली. जरा माणसात आली की धाडू. तोवर लिही, लेकरू गुटगुटीत हाय, पोर आनंदात हाय.

भात चांगलं उभं हाय. तुमची माया असू द्या, आमच्यावर राहिली तर पोरीवर राहील.

कुसाबाई

मजकूर संपला. आईने सांगितलं ते सगळं लिहिलं आहे. निकिता


॥ श्री ॥

सिडको, नाशिक
सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

सौ. कुसाबाई यांना स. न. वि. वि.

निकिता, हे पत्र आईंना मोठ्याने वाचून दाखव. एकही ओळ गाळू नकोस.

कुसाबाई, कालच्या पत्रात तुम्ही सांगितलेलं आलं आहे आणि लिहू नको म्हणून सांगितलेलंही आलं आहे. आढ्याकडे बघणं, भिंतीकडे बघणं, आणि तिन्हीसांजेला ती जे बोलली ते. तुमचं लिहू नको हेसुद्धा त्यात आहे. पोरीवर रागावू नका. तिच्याबद्दलचं सगळं तुम्ही तिच्याच हातून लिहून घेतलंत, आणि मी शहाणी, तिच्याबद्दलचं सगळं तिच्याकडूनच वाचून घेत होते. आपल्या दोघींच्या मध्ये ती लिहायच्या टाकासारखी बसली होती.

मुहूर्ताचं म्हणाल तर दसऱ्याला मुहूर्त बघावा लागत नाही, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. तुम्ही दिवस पुढे ढकलत होता. मला ते दिसलं आणि त्याचा राग आला नाही, कारण मीही तेच केलं आहे. आता ते सांगते.

सातव्या महिन्यात डोहाळेजेवणाच्या दिवशी सकाळी दूध उतू जात होतं आणि निकिता शेगडीसमोर उभी राहून ते बघत होती. मी गॅस बंद केला तरी तिने मान वळवली नाही. मी दुधावरून बोलले. दुपारी फुलांची वाडी भरली, बायका गाणी म्हणत होत्या, आणि ती दुसऱ्याच कुणाच्या कार्यक्रमाला आल्यासारखी झोपाळ्यावर बसली होती. त्याआधीही महिनाभर ती हसली नव्हती. मला कळलं होतं, पूर्ण नाही, पण कळलं होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, सासरी काहीतरी छळ आहे. म्हणून गप्प बसले. तुम्ही तिला न्यायला आलात तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना मला लाज वाटते आहे. तुम्ही मला घाबरलात, मी तुम्हाला घाबरले, आणि पोर दोन्हीकडून एकटी पडली.

आज सकाळी तुमचं पत्र घेऊन मी इथल्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी वाचलं आणि ताबडतोब फोन लावून महेशला बोलावून घेतलं. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर होणारा हा आजार आहे, पुष्कळ जणींना होतो, त्यावर औषध आहे आणि अंगावर पाजत असतानाही घेता येईल असं औषध असतं, असं त्या म्हणाल्या. तिला एक क्षणही एकटं ठेवायचं नाही. आणि तिला सरळ विचारायचं, मरावंसं वाटतं का. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते, असं त्यांचं म्हणणं. महेशने पत्र वाचलं आणि बराच वेळ चपला घालून दारातच बसून राहिला. दर रविवारी मी विचारत होतो, ती ठीक म्हणत होती, एवढंच बोलला. हे पत्र घेऊन तोच येतो आहे. आज तिथेच राहील आणि उद्या सकाळी तिघांना घेऊन निघेल. दवाखान्याला पितृपक्ष आडवा येत नाही.

निकिता, आता तुझ्यासाठी. तू मुद्दाम लिहिलंस की हात नुसता चालत राहिला, ते तुलाच माहीत, आणि तुलाही माहीत नसेल तर राहू दे. लिहिलंस हे चांगलं केलंस. आमच्या दोघींपैकी कुणीही तुला येडी म्हणणार नाही. म्हटलंच, तर ती मी नसेन. तुला जे वाटतं किंवा वाटत नाही, ते उद्या डॉक्टरबाईंना तसंच्या तसं सांग. चांगलं दिसेल असं काही करू नकोस.

दोघींवर माझी माया आहे, हे आधीच बोलायला हवं होतं.

वत्सलाबाई


घोटी
२१ सप्टेंबर २०२५

श्रीमती विहीणबाईंना कुसाबाईचा नमस्कार वि. वि.

हे अक्षर आशाताई अंजलीचं आहे. निकिताकडून आता लिहून घेत नाही. अंजली म्हणाली, मावशी, मी दर वेळी बाळाला तोलत राहिले, बाळाच्या आईला काही विचारलं नाही. तिलाही वाईट वाटलं.

तुमचं पत्र पोरीने वाचून दाखवलं तेव्हा पहिल्यांदा मला तिचाच राग आला. घरातलं कुणी असं उघडं करतं का. मग दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तिला विचारलं, मरायचे विचार येतात का. आमटीत मीठ आहे का विचारल्यावर आहे म्हणावं, तशी ती हो म्हणाली. मी तिच्या शेजारी बसले होते. दोन महिने मी तिच्या शेजारीच झोपत होते. तिथून पुढे मला राग आला नाही.

औषध चालू आहे. दर पंधरा दिवसांनी जायचं. रात्री बाळाला मी घेते, पाजण्यापुरतं तिच्याकडे देते, म्हणजे तिला झोप मिळते. झोपेला डॉक्टरबाईंनी फार महत्त्व दिलं आहे. कुठे राहायचं असं त्यांनी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, सध्या आईकडेच राहते. म्हणून ठेवली आहे, मुहूर्तासाठी नाही. मोबाइल तिला परत दिला, पण ती हातात घेत नाही.

एक विनंती आहे. गावात कुणाला कळू नये. निकिताला कावीळ झाली आहे असं मी सांगितलं आहे. तुमच्याकडेही कुणी विचारलं तर तेच सांगावं. आपण जाणतो ते आपल्यातच राहू द्या आणि माया करत राहा.

कुसाबाई


घोटी
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

ती. सासूबाईंना निकिताचा सा. न. वि. वि.

हे पत्र आईने सांगितलेलं नाही. ती समोर भात पाखडते आहे. काय लिहितेस असं तिने विचारलं, मी सांगितलं नाही.

औषधाला महिना झाला. झोप येते. तोंडाला चव आहे असं दोन दिवस वाटलं, नंतर परत गेली. डॉक्टरबाई म्हणतात, असं होतं, सोडायचं नाही. मरायचे विचार कमी झाले आहेत. गेल्या आठवड्यात एकदा आला, तेव्हा मी आईला हाक मारून सांगितलं. ती येऊन शेजारी बसली. मला तेवढं पुरलं.

रुद्रला आता आवाज कळतो. मी बोलले की मान वळवतो. मी बघते आणि मला काही होत नाही. त्याला पाजते, पुसते, कपडे बदलते. सगळं नीट करते. शेजारणीचं मूल सांभाळायला घेतलं असतं तर असंच केलं असतं. हे मी डॉक्टरबाईंनाही सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

काल एक गोष्ट झाली. चिमणाबाई कावीळ उतरवायची माळ घेऊन आल्या. कुठल्याशा वैदूकडून उपास धरून आणली होती. तेल-तूप बंद, हळद बंद, औषधाच्या गोळ्या तर आजपासून बंदच, असं त्यांनी आईला बजावलं. आई हो हो म्हणत होती. मी आतून ऐकलं आणि मला राग आला. कितीतरी महिन्यांनी मला काहीतरी आलं, म्हणून आधी मी नुसती उभी राहिले आणि ते जातंय का बघितलं. गेलं नाही. मग बाहेर येऊन सांगितलं, मला कावीळ नाही, मला बाळंतपणातला मनाचा आजार आहे, नाशिकच्या डॉक्टरबाईंचं औषध चालू आहे आणि ते मी सोडणार नाही. आईचं सूप हातातून खाली पडलं. चिमणाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, माळ परत पिशवीत घातली आणि म्हणाल्या, मग तूप खा बाई. संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळलं असेल. आई रात्री जेवली नाही, सकाळी मात्र तिने माझ्या भाकरीवर तूप घातलं.

तुमचाही राग आला आहे. दूध उतू गेलं त्या दिवशी तुम्हाला दिसलं होतं. तुम्ही ते लिहिलंत हे चांगलं केलंत, पण तुमच्या पत्राने तो जात नाही. आईचा आहे, महेशचाही आहे. तो मी कमी करून लिहीत नाही, कारण सध्या माझ्याकडे तेवढंच आहे आणि ते खरं आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, येऊ दे.

दिवाळीला मला न्यायला येऊ नका. मी सांगेन तेव्हा या. सांगेन हे नक्की.

शेवटी लोभ असावा असं लिहायचं असतं. तुमचा आहे, आईचाही आहे, ते मला कळतं. रुद्रवरचा माझा अजून आलेला नाही. आला की सगळ्यात आधी तुम्हाला कळवीन.

निकिता