समुद्राकाठी वाळवलेली पूड

प्रिय उम्मी,

तुझ्या मबरूकाचा सलाम. मी बरी आहे, वेळेवर जेवते.

प्रयोगशाळेत आम्ही आपल्या खजुरीच्या झावळ्यांची अतिबारीक पूड कुजणाऱ्या प्लास्टिकमध्ये मिसळतो. वितळल्यावर ते दाट वाहिलं, तर त्याची पिशवी मजबूत होते. तू कुसकुसचा रवा उन्हात वाळवतेस तशी मी पूड गच्चीवर वाळवली. पण सफाक्सची हवा आपल्या तोझरसारखी कोरडी नाही, समुद्राकाठची दमट! पुडीत ओल राहिली, तापल्यावर त्या ओलीनं प्लास्टिक कमजोर झालं आणि पाण्यासारखं वाहिलं.

"काय गं तोझरवाले, सूप केलंस?" मैत्रीण रीम हसली.

प्रयोगशाळेचे सर हसले नाहीत. म्हणाले, "उद्या पुन्हा असं झालं, तर घरी जा."

आता पूड ओव्हनमध्ये आहे. सारखी चिमूट काढून चाचपते, पण ती खरंच कोरडी झाली का, याबाबत बोटांवर विश्वास बसत नाही.

बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांना सांग, पोरगी रमली आहे. पत्र पोचेल तोवर उद्याच्या चाचणीचा निकाल लागलेला असेल, तरी दुआ कर.

तुझीच,
मबरूका