ओन्नीकाका बोलेनात

काजानी,
६ नोव्हेंबर १९९५

ती. सिल्वीमावशीस,
शि. सा. न. वि. वि. साष्टांग खरंच घातला असता, पण होस्टेलची फरशी फार गार आहे.

तुझं पत्र मिळालं. वॉर्डनबाईंनी ते आधी दिव्यासमोर धरून बघितलं. गेल्या महिन्यात त्यांना एक निनावी प्रेमपत्र आलं, तेव्हापासून माझ्या टपालावर त्यांचा डोळा आहे. त्यांचा संशय बरोबर आहे, पण ते जाऊ दे.

तर तुझं म्हणणं असं की मी सुट्टीत येऊन तुमच्या कॉम्प्युटरवर नवीन सिस्टीम टाकली, तेव्हापासून तुझे हातमोज्यांचे नमुने झकास छापून येतायत, पण काकांचा स्की-उड्यांचा खेळ गेला. सुरू करायला गेलं की काळा पडदा, मेमरी अपुरी, खेळ खलास. आणि खेळ बंद पडला तसे काकाही बंद पडले.

हे वाचून मला हसू नाही आलं. काका मुळातच अबोल. आई सांगते, तुमच्या लग्नात पाद्रीबाबांना ‘हो’ ऐकायला पुढे वाकावं लागलं होतं. पण तो खेळ लावला की काकांचा रेडिओ व्हायचा. वारा कुठून, पोरगं कुठल्या गावचं, त्याच्या आजीचे गुडघे कसे आहेत, सगळं सांगायचे. तू स्वयंपाकघरात विणता विणता म्हणायचीस, कुणीतरी ह्यांचं तोंड बंद करा गं. घे, झालं बंद. आता का करमेना?

सोबत फ्लॉपी पाठवतोय. ती आत घाल आणि मग कॉम्प्युटर चालू कर. नवीन सिस्टीम झोपून राहील आणि तो जुन्या पद्धतीने उठेल. मग खेळाचं नाव टाइप करायचं, बस. फोन करू नको म्हणालीस ते बरंच केलंस, फोन त्यांच्या खुर्चीला चिकटूनच आहे.

लोभ आहेच, त्यात वेलदोड्याच्या पावाची भर घालावी.
तुझा
याल्मारी


कोस्किकुला,
१५ नोव्हेंबर

चि. याल्मारीस,
अनेक आशीर्वाद, आणि एक चापट उधार.

तुझी फ्लॉपी आली. पोस्टमन तेन्होने पाकीट पेटीत अर्धंच खोचलं होतं, वर बर्फ पडला, पाकिटाचा लगदा झाला. मी फ्लॉपी काढून पुसली आणि आपण सगळं जिथे वाळवतो तिथे वाळत ठेवली, सौनाच्या वरच्या फळीवर. शनिवार म्हणजे वाफेच्या आंघोळीचा दिवस, हे डोक्यातच आलं नाही. तुझ्या काकांनी सौना तापवली. बाहेर आले तेव्हा हातात ते होतं, तव्यावर विसरलेल्या पोळीसारखं वाकडं. माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, पोराने पाठवलंय. तर म्हणाले, हं. त्या दिवसाचं बोलणं तेवढंच.

हसू नकोस रे. नमुने मलाच हवे होते, सिस्टीम बदल म्हणून मीच तुझ्या मागे लागले होते. हातमोजे छान झाले, चर्चच्या बाजारात बायकांनी हातोहात उचलले. पण संध्याकाळी घरात फक्त घड्याळ बोलतं. रेडिओ लावला तर हे उठून बंद करतात. काल मी मुद्दाम कॉफीत मीठ घातलं. म्हटलं भांडतील तरी. प्याले, कप विसळून ठेवला, खिडकीशी जाऊन बसले. गिरणीतून निवृत्त झाल्यावर तो खेळच त्यांची गिरणी झाला होता, हे मला कळायला हवं होतं.

दुसरी फ्लॉपी पाठव. आणि वॉर्डनबाईंना छळू नकोस, ती माझ्या वर्गात होती. प्रेमपत्राचं तिने मला कळवलंय. अक्षर वाईट होतं म्हणे, पण आवडलं तिला.

असाच लोभ ठेव आणि पायात लोकरीचे मोजे घालत जा.
तुझी
सिल्वीमावशी


काजानी,
२२ नोव्हेंबर

ती. मावशीस,
लांबूनच नमस्कार, चापट पोचू नये म्हणून.

मावशी, अगं फ्लॉपीला वाफ देतात का? ती काय सर्दी झालेली बाई आहे? आमच्या वर्गात मी ही गोष्ट सांगितली तर मास्तरांना खुर्चीत बसावं लागलं. तेच मास्तर बरं का, जे म्हणतात की मी डोकं फक्त टोपी ठेवायला वापरतो. स्वीडिशमध्ये मी परत आपटलोय, आईला सांगू नकोस.

दुसरी फ्लॉपी खारट काळ्या गोळ्यांच्या डब्यात घालून पाठवतोय. डब्यात पाणी जात नाही. गोळ्या मी खाल्ल्या.

आणि ह्यात एक गंमत केलीय. खेळात उड्या मारणाऱ्यांची परदेशी नावं होती ना, ती काढून तुमच्या गावातली माणसं घातली. तेन्हो आहे, पाद्रीबाबा आहेत, तूसुद्धा आहेस. काकांना आधी सांगू नको. ह्यावर ते बोलले नाहीत तर मी शिकायचं सोडतो, म्हणजे जे काही चाललंय ते.

पावाची वाट बघतोय. लोभ पावासकट यावा.
तुझा
याल्मारी


कोस्किकुला,
२ डिसेंबर

चि. याल्मारीस,
आशीर्वाद.

खेळ चालू झाला, पण नुसता चालू नाही, धावतोय.

ऐक काय झालं ते. काकांना मी म्हटलं, बसा जरा इथे. बसले. पडद्यावर तेन्होचं नाव दिसलं तसे त्यांच्या मिशा हलल्या. खुर्ची पुढे ओढली, घसा साफ केला, त्यांच्या त्या रेडिओच्या आवाजात सुरू केलं, आणि आता आपला पोस्टमन तेन्हो… एवढं होईस्तोवर तेन्हो उतरण घसरून, हवेत जाऊन, तोंडावर आपटून बाजूला झाला होता. मग पाद्रीबाबा आले. हे म्हणाले, वारा. पाद्रीबाबा कुंपणात. मग मी आले. माझ्यासाठी त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं, तोवर मी पण आपटले.

तुझे काका कसे बोलतात तुला माहीत आहे. एक वाक्य, मग कॉफीचा घोट, मग दुसरं वाक्य. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला आणि लाकडं फोडायला गेले. लाकडं फोडलेलीच होती. तीच आणखी बारीक केली. आता ‘हं’सुद्धा नाही. आधी निदान खेळ बिघडलाय असं म्हणता येत होतं, आता त्यांना वाटतंय आपणच म्हातारे झालो.

काहीतरी कर रे बाबा. गंमत पुरे.
तुझी
सिल्वीमावशी

(पाव पाठवलाय. वॉर्डनबाईंना निम्मा दे.)


काजानी,
९ डिसेंबर

ती. मावशीस,
शि. सा. न., ह्या खेपेला मनापासून.

काका म्हातारे झाले नाहीत, मीच शहाणपणा केला. नवीन सिस्टीम तुमच्या जुन्या मशीनला झेपेना, म्हणून मी आतली मुख्य चिप काढून दुसरी जास्त जोरदार बसवली होती. आणि हा जुना खेळ वेळ मोजतो तो मशीनच्या ठोक्यांवर. आता ठोके भराभर पडतात, म्हणून तेन्हो भराभर पडतो.

तिसरी फ्लॉपी त्याच्या इलाजाची आहे. त्यात एक छोटा प्रोग्राम आहे, तो मशीनला फालतू कामाला जुंपतो, आई मला जुंपते तसा. मशीन दमतं आणि खेळ पूर्वीच्या चालीने चालतो. मी शाळेत करून बघितलंय. पाद्रीबाबा हवेत असताना माझं अर्धं सँडविच खाऊन झालं.

नाहीच जमलं, तर नाताळात येऊन सगळं जुनं परत टाकतो. मग नमुने जातील. हातमोजे हवेत की काका, ते ठरवून ठेव.

लोभ कमी झाला असेल तर तो ह्या फ्लॉपीने भरून काढावा.
तुझा
याल्मारी

ता. क. निम्मा पाव दिला. बाई रडल्या. प्रेमपत्राचं मी अजून कबूल केलेलं नाही.


कोस्किकुला,
१८ डिसेंबर

चि. याल्मारी,
आशीर्वाद. मी ओन्नीकाका. पत्रं सिल्वी लिहिते. हे मी लिहितोय.

तिसरी फ्लॉपी आली. सिल्वी घालायला निघाली होती. मी म्हटलं, थांब.

मागच्या आठवड्यात मी परत खेळ लावून बघितला होता. ती घरात नाही असं वाटलं म्हणून. तेन्हो वर बसला, मी वाऱ्याचं सांगितलं, तो सुटला, आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, गेला, गेला, डावी स्की गेली, आपटला मेला, उद्या टपाल नाही. मी वळून बघितलं. हातात पिठाचा चमचा घेऊन ती दारात उभी होती.

ह्या खेळाला आता एक तोंड पुरत नाही. सुटेपर्यंत मी सांगतो. हवेतून खाली ती सांगते. इतके हिवाळे पलीकडे बसून ऐकत होती, तिला सगळं पाठ आहे. मला ते माहीत नव्हतं. पडझड ती माझ्यापेक्षा चांगली सांगते. पाद्रीबाबा पडले की जास्तच.

खेळ हळू केला तर मला सगळं एकट्याला सांगता येईल. म्हणून फ्लॉपी परत पाठवतोय. वाकवलेली नाही.

नाताळात ये. मध्ये बोलू नकोस.

आता थांबतो. तिने खुर्ची ओढलीय आणि तेन्हो वर बसलाय.

लोभ असू दे.
ओन्नी